बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

हँडहेल्ड गेमिंग पीसी, म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर, वापरणारी जेवढी पोरं कोल्हापुरात माझ्या ओळखीची आहेत त्यांच्याकडून सध्या एकच तक्रार ऐकतोय, अपडेट मारलं आणि बॅटरी गेली. त्यापुढचं वाक्य पण ठरलेलं, दुकानात दाखवलं तर म्हणाले बॅटरी बदला. आज जरा सविस्तर लिहितोय कारण माझं आता ठाम मत झालंय की यातल्या बऱ्याच बॅटऱ्या धडधाकट आहेत, बिघडलाय तो टक्का. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा चुकीचा सांगतोय आणि त्याच्यावर विश्वास ठेवून लोक चांगली बॅटरी काढून टाकतायत, ती पण आत गोंदानं घट्ट चिकटवलेली, काढताना वाकली किंवा टोचली तर पेट घ्यायची भीती, आणि नवीन म्हणून जी हातात पडते ती कुणी कधी बनवली आणि किती महिने गोडाऊनला पडून होती ते कुणालाच माहिती नसतं. हे थांबवता येतं आणि घरच्या घरी तपासता येतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी थोडा हिशेब, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. फेब्रुवारी २०२२ ला स्टीम डेक हा हँडहेल्ड आला तेव्हा त्यात ४० वॉट-अवरची बॅटरी होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ओएलईडीवाला आला त्यात ५०. आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये आला तो पण ४० चाच, पुढच्या वर्षी अ‍ॅलाय एक्समध्ये ती थेट ८० केली. वॉट-अवरचं गणित सरळ आहे, मशीन २० वॉट खात असेल तर ४० वाली दोन तास चालणार, १० वॉट खात असेल तर चार तास. जड गेम लावला, ब्राइटनेस फुल केला, की अख्खं मशीन २५ वॉटच्या घरात सहज जातं आणि दीड तासात खेळ खल्लास. त्यामुळे अपडेटनंतर बॅकअप कमी झाला असं कुणी म्हणालं की मी पहिलं विचारतो, वॉट किती जातायत? कारण कधीकधी अपडेटमध्ये पॉवर प्रोफाइल, म्हणजे किती वॉट खायचे ती सेटिंग, परत डिफॉल्टला जातं, तुम्ही १० वॉटला बांधून ठेवलेलं असतं ते १५ होतं, बॅटरी तीच असते, टक्का पण बरोबर असतो, फक्त खर्च वाढलेला असतो. गेम चालू असताना ओव्हरले, म्हणजे स्क्रीनवर आकडे दाखवणारी पट्टी, लावून दोन मिनिटं वॉट बघितले की हा विषय तिथंच संपतो.

मी लिहितोय तो प्रकार वेगळा. त्यात टक्का वेड्यासारखा वागायला लागतो. शंभरवरून हलतच नाही, मग एकदम सरसर खाली यायला लागतो, नाहीतर पंचवीस-तीस टक्के दिसत असताना मशीन फट्‍कन बंद, ना वॉर्निंग ना काही, गेम सेव्ह करायची पण सवड नाही. किंवा उलटं, शून्य दाखवतंय आणि तरी अर्धा तास मजेत चालतंय.

असं का होतं ते समजून घ्यायचं तर आपल्या पंचगंगेकडं बघा. पावसाळ्यात सकाळी उठलं की कोल्हापुरातलं प्रत्येक घर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं, ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. तिथं पाण्यात पट्टी उभी आहे, पाणी कुठवर आलं ते डोळ्यांनी दिसतं, त्यात वाद नाही. आता समजा ती पट्टीच नसती आणि पातळी सांगणाऱ्या माणसाला एवढंच करता आलं असतं की वरून किती पाणी आलं आणि खाली किती गेलं याची दिवसभर बेरीज-वजाबाकी करत बसायचं. बॅटरीचा टक्का असाच निघतो. बॅटरीच्या आत पट्टी नाही, किती शिल्लक आहे हे थेट मोजायची सोय नाही, जे काही दिसतं तो अंदाज असतो.

हा अंदाज काढणारी एक छोटी चिप असते, तिला फ्युएल गेज म्हणतात. बॅटरीच्या वाटेवर काही मिलीओहमचा बारीकसा रेझिस्टर बसवलेला असतो, त्यातून करंट गेला की दोन टोकांमध्ये थोडा व्होल्टेज पडतो, तो मोजून चिपला कळतं की आत्ता एवढा करंट बाहेर जातोय किंवा आत येतोय, आणि ती सारखा हिशेब लावत राहते. पण प्रत्येक मोजणीत अगदी बारीक चूक असतेच आणि ती चूक साठत जाते. म्हणून चिपला अधूनमधून एखादी पक्की खूण लागते, जिथं ती छातीठोकपणे म्हणू शकेल की आता मी इथं आहे. अशा खुणा दोनच टोकांना नीट मिळतात. बॅटरीच्या आतला एकेक सेल फुल झाला की साधारण ४.२ व्होल्ट आणि रिकामा होत आला की ३ च्या आसपास. मधल्या मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज फार हलतच नाही, त्यामुळे साठ टक्के आहे की पंचेचाळीस हे नुसत्या व्होल्टेजवरून सांगणं लई अवघड, त्यात मशीन चालू असेल तर लोडमुळं व्होल्टेज आणखी खाली बसलेला दिसतो. बॅटरी तास-दोन तास निवांत पडून राहिली तर जो व्होल्टेज दिसतो तो त्यातल्या त्यात खरा. या सगळ्यातून चिप एक आकडा शिकते, ही बॅटरी सध्या फुल भरली की नेमकी किती वॉट-अवर धरते. नवीन असताना ४० असेल, वर्षा-दोन वर्षांनी ३७ असेल, ३५ असेल. तो शिकलेला आकडा बरोबर असला तर टक्का बरोबर.

आता यात फर्मवेअर, म्हणजे चिपांच्या आत बसवलेला प्रोग्राम, कुठं आलं? आपण ज्याला बायोस अपडेट म्हणतो त्या एका फाइलमध्ये बऱ्याचदा दोन-तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा मूळ प्रोग्राम, आणि दुसरं म्हणजे ईसी, एम्बेडेड कंट्रोलरचं फर्मवेअर. ही ईसी म्हणजे मदरबोर्डवरची एक वेगळीच छोटी चिप, मेन प्रोसेसर झोपला तरी ती जागी असते, पॉवर बटण दाबलं हे तिलाच पहिलं कळतं, पंखा किती फिरवायचा, चार्जिंग कधी चालू करायचं कधी थांबवायचं, बॅटरीच्या गेजला विचारून टक्का वर विंडोजला किंवा स्टीम डेकच्या स्टीमओएसला कळवायचा, ही सगळी कामं तिची. विंडोज स्वतः बॅटरी मोजत नाही, ते ईसीनं दिलेला आकडा दाखवतं. त्यामुळे ईसीचं फर्मवेअर बदललं की चार्जिंगचे नियम बदलू शकतात, फुल कधी म्हणायचं ती रेघ बदलू शकते, आणि शिकलेली माहिती पुसून परत कारखान्यातल्या मूळ आकड्यावर जाऊ शकते. बॅटरीच्या आतल्या रसायनाला याचा पत्ता पण नसतो. ती काल रात्री जशी होती तशीच आज सकाळी असते. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, की बॅटरीचं म्हातारपण हळूहळू येतं, महिन्या-महिन्यानं थोडं थोडं, आणि जे एका रात्रीत, अपडेटच्या आधी आणि नंतर असं बदललं, त्याचा संशय आधी हिशेबावर घ्यायचा, बॅटरीवर नंतर.

माझ्या स्वतःच्या मशीनवर हे झालं तेव्हा मी पुण्याला निघालो होतो. आदल्या रात्री अपडेट झालेलं, सकाळी शंभर टक्के बघून एसटीत बसलो, आणि किणी टोलनाका मागं पडला तरी टक्का शंभरच. मी म्हटलं वा, बॅकअप वाढवला की काय. मग एकदा जो उतरायला लागला तो नेहमीच्या गतीनं उतरत गेला आणि कराड सोडल्यावर उंब्रजच्या अलीकडं २७ टक्के दिसत असताना स्क्रीन काळी. परत चालूच होईना. पुण्यात पोचून चार्जरला लावल्यावरच जिवंत झालं. परत आल्यावर राजारामपुरीत एका दुकानात दाखवलं, तिथल्या माणसानं मशीन उघडलं पण नाही, नुसतं ऐकून म्हणाला सेल गेलाय, बॅटरी टाकावी लागेल, आठ हजार.

आमचा एक मित्र शिवाजी उद्यमनगरात पॅनल वायरिंगचं काम करतो, त्याला सांगितलं तर त्याचं उत्तर एका ओळीचं, "भावा, मीटर लावल्याशिवाय सेल गेला असं कोण म्हणतंय?" आणि खिशातून यूएसबी-सी चा पॉवर मीटर काढून दिला. ही एवढीशी डबी असते, चार्जर आणि मशीनच्या मधे लावायची, किती व्होल्ट, किती अँपिअर आणि एकूण किती वॉट-अवर आत गेले ते दाखवते. हजार-दीड हजारात मिळते, घेताना पीडी, म्हणजे यूएसबी-सी चं जास्त वॉटचं चार्जिंग, चालतं आणि २० व्होल्ट झेपतं एवढं बघायचं. माझं मत विचाराल तर हँडहेल्ड आहे त्यानं मेमरी कार्डाच्या आधी हा मीटर घ्यावा.

मग आम्ही असं केलं. बॅटरी पूर्ण भरली, गेम लावून मशीन २० वॉटला ठेवलं आणि घड्याळ घेऊन बसलो. परत तेच, अर्धा तास टक्का शंभरला चिकटून, मग उतरायला सुरुवात, आणि पंचवीस-सत्तावीसच्या दरम्यान बंद. लगेच परत चालू करून बघितलं, लोगो पण आला नाही. मग मशीन बंद ठेवूनच मीटर मधे लावून चार्जिंग. फुल होईपर्यंत मीटरवर ४१ वॉट-अवर झाले. आता चार्जिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास उष्णतेत जातात असं धरलं तर बॅटरीत साधारण ३७ गेले. मूळ बॅटरी ४० ची, थोडी वापरलेली, म्हणजे ३७ हा अगदी निरोगी आकडा. याचा अर्थ काय, तर बंद पडली तेव्हा २७ टक्के नव्हतेच, बॅटरी खरोखर रिकामी झाली होती. आणि तिनं तिच्याकडचं सगळं दिलं होतं, कमी काहीच दिलं नव्हतं.

मग मित्रानं पेन घेतला आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, २० वॉट गुणिले अर्धा तास, १० वॉट-अवर. भागिले ३७. उत्तर २७ टक्के. मला तो क्षण अजून आठवतो कारण सगळं एकदम जागेवर बसलं. वर शंभरला जेवढा वेळ अडकला होता, त्या वेळात गेलेली वीज हिशेबात धरलीच गेली नव्हती, आणि बरोबर तेवढीच तूट खाली निघत होती. नवीन फर्मवेअर चार्जर काढल्यावर पण बराच वेळ फुल-फुल म्हणत बसायचं. आठ हजाराची नवीन बॅटरी घातली असती तरी हेच झालं असतं.

रिपोर्ट बघायचा असेल तर विंडोजवर सोपं आहे, कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, पॉवरसीएफजी लिहून स्पेस, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, एंटर. एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे मिलिवॉट-अवरमध्ये असतात, मशीन देत असेल तर सायकल काउंट पण, म्हणजे बॅटरी भरायच्या-रिकामी व्हायच्या किती फेऱ्या झाल्या ते. खाली तारीखवार इतिहास असतो, तो सगळ्यात कामाचा. आधीच्या महिन्यांत आकडा ३८,००० च्या आसपास हळूहळू सरकतोय आणि अपडेटच्या तारखेला एकदम ३१,००० वर उडी मारलीय असं दिसलं तर रसायन असं वागत नाही, तिथं आकडाच नव्यानं लिहिला गेलाय. स्टीमओएसवर डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन इन्फो सेंटरमध्ये एनर्जी उघडलं की हेच दोन आकडे दिसतात. अपडेट मारायच्या आधी या रिपोर्टचा एक फोटो काढून ठेवायची सवय लावा, नंतर भांडायला पुरावा लागतो, वॉरंटीत असाल तर जास्तच.

आता दुरुस्ती. दोन गोष्टी असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली ईसी रिसेट. अपडेटनंतर कधीकधी ईसी अर्धवट जुन्या स्थितीत अडकून राहते कारण तिला वीज कधी तुटतच नाही, मशीन बंद केलं तरी बॅटरी जोडलेलीच. म्हणून तिला पूर्ण झोपवावं लागतं. स्टीम डेकला यासाठी बॅटरी स्टोरेज मोड आहे, बंद मशीनवर व्हॉल्यूम प्लस आणि पॉवर एकत्र दाबून आत जायचं, सेटअप युटिलिटीमध्ये पॉवरच्या खाली तो सापडतो, लावला की मशीन पूर्ण मरतं आणि चार्जर जोडल्यावरच जागं होतं. बाकी मशीनना पॉवर बटण बराच वेळ दाबून धरायची पद्धत असते, प्रत्येकाची वेगळी, तुमच्या कंपनीच्या सपोर्ट पानावर बघून करा. माझ्याकडं रिसेटनंतर ते शंभरला चिकटणं बरंच कमी झालं.

दुसरं कॅलिब्रेशन, म्हणजे चिपला दोन्ही टोकं परत दाखवायची. फुल चार्ज करायचं आणि शंभर दिसलं तरी दोन तास चार्जरवरच राहू द्यायचं, कारण शंभर दिसल्यावर पण शेवटचा बारीक करंट आत जात असतो. मग चार्जर काढून एकसलग वापरायचं, मधे चार्जिंग नाही, आणि जड गेम नको, काहीतरी हलकं, आठ-दहा वॉटवर. लोड जास्त असला की शेवटी व्होल्टेज खाली बसतो आणि बॅटरीत थोडं शिल्लक असतानाच मशीन कटऑफला जातं, म्हणजे स्वतःहून बंद होतं, मग चिप चुकीचं टोक शिकते. विंडोजमध्ये क्रिटिकल बॅटरीला हायबरनेट होतं ते तेवढ्यापुरतं पॉवर ऑप्शनमध्ये खाली आणायचं, नाहीतर टक्का कमी दाखवत असेल तर बॅटरीत खूप शिल्लक असतानाच विंडोज झोपून जाईल आणि खालचं टोक कधी येणारच नाही. गेममधलं काही सेव्ह करायचं राहिलेलं नाही ना ते बघून घ्यायचं. पूर्ण बंद पडलं की लगेच चार्जरला लावू नका, तीन-चार तास निवांत पडू दे, थंड होऊ दे, मग बंदच ठेवून एका दमात फुल चार्ज. बहुतेक वेळा एका फेरीत टक्का सुधारतो, काही मशीनना दुसरी लागते.

पण हे दर आठवड्याला करायचं नाही. यावर माझं दोन-चार जणांशी कडाक्याचं भांडण झालंय. पूर्ण रिकामं करणं हे बॅटरीला चांगलं नसतं, चांगलं असतं ते हिशेबाला. दर महिन्याला बॅटरी शून्याला नेऊन कॅलिब्रेट करणारा माणूस टक्का नीट ठेवतो आणि बॅटरी झिजवतो. टक्का वेडा वागला तर, किंवा ईसीचं अपडेट झालं तर, नाहीतर वर्षातून एखाद-दोनदा, बास. आणि रिकामं करून कपाटात महिनाभर टाकून तर अजिबात देऊ नका, तेवढ्या खाली गेलेला सेल कधीकधी परत उठत नाही.

यातच ८० टक्के लिमिटचा, म्हणजे चार्जिंग ८० ला थांबवायच्या सेटिंगचा, घोळ आहे. लिमिट लावणं चांगलंच, सेल सारखा फुल ठेवला आणि वरून उष्णता असेल तर तो लवकर म्हातारा होतो, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत काय होतं ते सांगायला नको. जी पोरं मशीन डॉकला लावून टीव्हीवर खेळतात त्यांनी लिमिट लावावीच. स्टीमओएसमध्ये ही सोय २०२५ मध्ये आली, अ‍ॅलायला आधीपासून आहे. पण महिनोन्‌महिने बॅटरी ८० च्या वर गेलीच नाही तर चिपला वरची पक्की खूण कधी दिसतच नाही आणि अंदाज हळूहळू भरकटतो. म्हणून महिन्या-दोन महिन्यातून एकदा लिमिट काढून शंभरपर्यंत जाऊ द्यायचं. आणि फर्मवेअर अपडेटनंतर ती लिमिट अजून चालू आहे का हे आवर्जून बघायचं, ती गुपचूप निघालेली मी बघितलीय.

अपडेट मारताना लाईटचं बघा. बायोस आणि ईसी लिहीत असताना वीज तुटली तर मशीन विटेसारखं होऊन बसतं, म्हणूनच चार्जर जोडलेला हवा आणि बॅटरी ठराविक टक्क्याच्या वर हवी अशी अट असते, बऱ्याच ठिकाणी ३० च्या आसपास. आता विचार करा, टक्काच २७ नं जास्त दाखवत असेल तर? स्क्रीनवर ३५, आणि आत खरे ८-१०. अट पास झाली, अपडेट चालू झालं, आणि नेमका वळीव येऊन लाईट गेली. त्यामुळे टक्का बिघडलेला असताना पुढचं फर्मवेअर मारायचं असेल तर आधी फुल चार्ज करा, आणि चार्जर इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या प्लगला लावा. पावसाळ्यात संध्याकाळी तर नकोच.

आणि कंपन्यांना हात जोडून एक सांगणं आहे. माझ्या मशीनच्या त्या अपडेटच्या माहितीत एकच ओळ होती, सिस्टीम स्थिर केली. बॅटरीबद्दल चकार शब्द नाही. ईसी बदलली आहे, चार्जिंगची रेघ बदलली आहे, अपडेटनंतर एकदा फुल चार्ज करून घ्या, एवढी तीन वाक्यं लिहायला काय जातं? साठ-सत्तर हजार मोजून माणूस मशीन घेतो, इथं बरेच जण हप्त्यावर घेतात, आणि सर्व्हिस सेंटर पुण्या-मुंबईला. टक्का बिघडला की त्याला वाटतं आपलं मशीनच गेलं, आणि त्या भीतीचा फायदा घेणारे भेटतात. वर जुन्या बायोसवर परत जायची वाट पण काही कंपन्या बंद करून ठेवतात. पुढं दोन महिन्यांनी आलेल्या अपडेटनं शंभरचा उरलासुरला प्रकार पूर्ण गेला, म्हणजे त्यांनाही ते सापडलं होतं, पण तेव्हाही लिहिलं नाही.

आता सगळ्याच बॅटऱ्या चांगल्या असतात असं कुणी समजू नका, म्हणून भाच्याचं सांगतो. तो इचलकरंजीला असतो, खाली माग आणि वर याची खोली, उन्हाळ्यात भट्टी. फोन आला, "मामा, माझं पण तुमच्यासारखंच झालंय, ४० टक्क्याला बंद पडतंय, कॅलिब्रेट करू काय?" म्हटलं काही करू नको, मशीन घेऊन इकडं ये. तीच परीक्षा घेतली. २५ वॉटवर गेम लावला, टक्का छान सरळ उतरत होता, कुठं अडकणं नाही, आणि ४० ला बंद. पण लगेच परत चालू केलं तर चालू झालं! नुसत्या मेनूवर कितीतरी वेळ चाललं, गेम लावला की परत बंद. मग फुल करून पुन्हा ४० ला बंद पाडलं आणि या वेळी लगेच मीटर लावून चार्ज केलं तर २४ वॉट-अवरच गेले, म्हणजे बॅटरीत २२ च्या आसपास. त्याच्या रिपोर्टमध्ये फुल चार्ज कपॅसिटी ३६ दाखवत होती आणि ३६ चे ६० टक्के म्हणजे २१.६. हिशेब चोख. ४० टक्के आत खरंच शिल्लक होते, पण जड लोडला ते बाहेर येत नव्हते.

हे सेलच्या आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढल्याचं लक्षण. त्याची बॅटरी दोन सेल सिरीजमधली, साधारण ७.४ व्होल्ट, २५ वॉट म्हणजे ३.४ अँपिअर. चांगल्या बॅटरीत आतला रेझिस्टन्स ०.१ ओहम धरला तर एक तृतीयांश व्होल्ट पडतो, काही बिघडत नाही. तो वाढून ०.३ झाला की एक व्होल्ट पडतो, ७.४ चे ६.४ होतात आणि मशीन कटऑफ मारतं. कॅलिब्रेशननं हे सुधरत नाही, कारण चूक हिशेबात नाहीच. सायकल काउंट सहाशेच्या वर होता, कायम चार्जरवर, कायम गरम. अपडेट नेमकं त्याच सुमारास झालं म्हणून त्याला वाटलं अपडेटमुळं झालं.

नवीन बॅटरी येईपर्यंत त्याला ८ वॉटला बांधून दिलं, जुने हलके गेम त्यावर व्यवस्थित चालले, दहा टक्क्यांपर्यंत खाली गेलं तरी बंद पडलं नाही. पार्ट नंबर मशीनच्या आतल्या स्टिकरवरून जुळवून बॅटरी मागवली, नुसतं मॉडेलचं नाव बघून मागवू नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या बॅटऱ्या असतात. जुनी उघडली तेव्हा एका कोपऱ्याला किंचित फुगलेली होती. फुगलेली बॅटरी दिसली, मागचं झाकण उचललेलं वाटलं, की ना कॅलिब्रेशन ना चार्जिंग, तिथंच थांबायचं, मशीन बंद करून चार्जरपासून लांब ठेवायचं आणि माहितगार माणसाकडूनच काढून घ्यायची. आम्ही ती टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिली, कचरागाडीत टाकू नका, पेट घेते.

नवीन बॅटरी बसवल्यावर पहिल्या चार्जला टक्का थोडा इकडंतिकडं होता, चिपला नवीन बॅटरी अजून माहिती नव्हती. एक फेरी पूर्ण केल्यावर मीटरवर ४३ वॉट-अवर आणि रिपोर्टमध्ये ३९ हजार काहीतरी आलं. ८० ची लिमिट त्यानं आता लावून ठेवलीय आणि डॉक खिडकीजवळ हलवलाय.